गायीच्या मिठातली गुहा

एखाद्या माणसाची फजिती व्हावी असं मनापासून वाटणं, आणि मग ती आपल्या डोळ्यांसमोर हळूहळू तयार होताना खुर्चीत बसून बघणं, यात जे सुख आहे ते मला माझ्या लग्नातही मिळालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला मोठं मन वगैरे शिकवायला येऊ नये. माझं मन लहानच आहे. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, "हिच्या नाकावर माशी बसली तर ही माशीचं घरदार हुडकून काढंल." खरं आहे त्यांचं.

माझं काम सांगितलं की आमच्या न्हावऱ्यातली माणसं आधी हसतात. मी मिठात गुहा बांधते. कॉम्प्युटरवर. परदेशात काही ठिकाणी जमिनीच्या खूप खाली मिठाचे जाडजूड थर आहेत. तिथवर बोअर घ्यायचं आणि आत साधं पाणी सोडायचं. मीठ विरघळतं, ते खारं पाणी दुसऱ्या नळीनं वर काढायचं. असं महिनोन् महिने केलं की खाली मिठात पोकळी होते, आत एखादं देऊळ कळसासकट उभं राहील एवढी. वारा भरपूर असला की पवनचक्क्यांची वीज जादा होते. त्या जादा विजेनं हवा नाहीतर हायड्रोजन दाबून त्या पोकळीत भरायचा, आणि वारा पडला की काढून त्याची परत वीज करायची. आबांना मी एकदा सांगितलं होतं, "आबा, भाव पडला की आपण कांदा चाळीत ठेवतो का नाही? तशी ही विजेची चाळ." आबा म्हणाले, "सडत न्हाई का?" मी म्हटलं नाही. "मग बरंय," म्हणाले आणि धार काढायला गेले.

यातली मेख अशी की साधं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं. ते खाली सोडलं तरी वर चढतं आणि छत खात सुटतं. छत गेलं की गुहा गेली. म्हणून पाण्याच्या वर तेलाचा थर ठेवतात. तेलात मीठ विरघळत नाही आणि पाणी तेलाला ओलांडून वर जात नाही. आधी पाणी कुठल्या नळीनं सोडायचं, किती दिवस, तेल कुठवर ठेवायचं, यावर गुहेचा आकार ठरतो. आत उतरून कुणाला बघता येत नाही, म्हणून आधी सगळी गुहा कॉम्प्युटरवर खोदून बघायची. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो. ते मॉडेल मी लिहिलं होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकटीनं.

कंपनी रांजणगावच्या एमआयडीसीत. खाली कॉम्प्रेसर बनतात, वर आम्ही कॉम्प्युटरवाले बसतो. सासर दौंडला. नवरा रेल्वेत, सिग्नलच्या खात्यात, आणि क्वार्टर यार्डाला चिकटून. त्यामुळं माझं निम्मं काम क्वार्टरच्या स्वयंपाकघरातून, ओट्याशेजारच्या टेबलावर चालायचं. ऑफिसचा दिवस असला की आदल्या संध्याकाळी न्हावऱ्याला आबांकडं यायचं आणि सकाळी स्कूटीवर रांजणगाव. लग्न झालं तरी नोकरीच्या कागदावर मी वडलांचंच नाव ठेवलं होतं. नवऱ्यानं त्यावरून एकदाही तोंड वाकडं केलं नाही, म्हणून मी त्याच्या बाकीच्या गोष्टी चालवून घेते.

आता साहेब. साहेब भांडगावचे. पुण्यात फ्लॅट झाल्यापासून ते भांडगाव म्हणत नाहीत, "सोलापूर हायवेला आमचं फार्म आहे" म्हणतात. मी नोकरीला लागले त्या दिवशी मात्र मला बघून खूश झाले होते. "न्हावऱ्याची का? म्हंजी आपल्याच भागातली की!" मी घरी येऊन आबांना हे कौतुकानं सांगितलं होतं, हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. साहेबांच्या डोक्यावर एक केस नाही. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. म्हणजे टिंगल म्हणूनही सांगते, पण त्याचं पुढं काम आहे.

घरून ऑनलाइन मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की यार्डातलं इंजिन नेमकं हॉर्न द्यायचं. पहिल्यांदा सगळे हसले, मीही हसले. मग साहेबांना ते आवडायलाच लागलं. "मॅडम, तुमचं स्टेशन आलं वाटतं, उतरा," असं म्हणायचे आणि मला म्यूट करून टाकायचे. मग माझ्या स्लाइडवर तेच बोलायचे. मी म्यूट होऊन माझीच वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकत बसायची, आणि ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या.

मॉडेल तयार झालं तेव्हा मला ते खऱ्या मिठावर पडताळून बघायचं होतं. खरी गुहा परदेशात आणि तीही अजून खोदायची होती. पण खरं मीठ आमच्या गोठ्यात होतं. आबा गायींना चाटायला सैंधवाचा मोठा दगड गव्हाणीत ठेवतात. लहानपणापासून मी बघत आले होते, गाय एकाच बाजूनं चाटते आणि दगडात अशी गुळगुळीत खळगी करते की हात घालून बसावंसं वाटतं. एका रविवारी मी आबा शेतात गेल्याचं बघून तो दगड पिशवीत घातला आणि दौंडला आणला.

नवऱ्यानं दगड मधोमध कापून दिला, ड्रिल मशीननं कापाच्या कडेला उभं भोक पाडून दिलं. कापलेली बाजू मी माशांच्या रिकाम्या टाकीच्या काचेला आतून सिलिकॉननं चिकटवली, म्हणजे भोकात काय चाललंय ते काचेतून दिसावं. सलाईनच्या दोन नळ्या घेतल्या. एकीनं साधं पाणी तळाला, दुसरीनं खारं पाणी वरून बाहेर. आणि सगळ्यात वर बोटभर शेंगदाण्याचं तेल. पाण्याची बाटली खिडकीच्या गजाला टांगली. दुपारभर मी मोबाइलवर व्हिडिओ काढत बसले. काय सांगू! भोक रुंदावत गेलं, तळाशी लाल गाळ साचला, आणि वर तेलापाशी आल्यावर पाणी आडवं वळलं. छताचा एक कण हलला नाही. कॉम्प्युटरवर जो आकार आला होता तोच डोळ्यांसमोर, पेरूसारखा, खाली फुगीर आणि वर निमुळता. मी एकटीच टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात आबा दारात. न्हावऱ्याहून बस बदलत बदलत तावातावानं आले होते. "दगड कुठं हाय? गाय नुसती गव्हाण चाटतीया!" मी म्हटलं, "आबा, थांबा, गुहा चाललीय." आबा टाकीपुढं वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गाय ह्येच फुकटात करती की." पण चहा होईस्तोवर ते तिथून हलले नाहीत. व्हिडिओत हे सगळं आलं. माझा आवाज, आबांचा आवाज, आणि अर्थात इंजिनाचा हॉर्न.

मी तो व्हिडिओ साहेबांना पाठवला. त्यांनी सगळ्या टीमपुढं मोबाइल वर धरला. "बघा, मॅडमनी गायीचं चाटण आणलंय. इंजिनिअरिंग चाललंय का पशुसंवर्धन?" सगळे हसले. मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा नवरा घरात पाय न वाजवता चालतो. साहेबांना हे कुठून माहीत असणार!

पुढं मॉडेलचा अहवाल क्लायंटकडं, म्हणजे परदेशातल्या ज्या कंपनीला ती गुहा खोदायची होती तिच्याकडं, गेला. एक प्रत मलाही ईमेलनं आली. मॉडेल माझं, आकृत्या माझ्या, अगदी मधल्या चौकटीत माझ्या फिशटँकचा फोटो, फक्त खिडकीचा गज आणि मागचा मिसळणाचा डबा कापून टाकलेला. वर नाव साहेबांचं, एकट्याचं. मी खाली, आणखी खाली बघत गेले. शेवटच्या पानावर आभाराच्या यादीत मी होते. "टायपिंगसाठी साहाय्य."

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं घासून बीळ मी खणलं आणि त्यात नागोबा आयता येऊन वेटोळं घालून बसला. मी दुसऱ्याच दिवशी रांजणगावला त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, माझं नाव?"

"अहो मॅडम, टीमवर्क असतं."

"टीममध्ये टायपिंग कोण करतं साहेब? सगळेच स्वतःचं करतात."

मग ते खुर्चीत मागं रेलले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, पुढच्या टप्प्यात क्लायंट ज्याचं नाव अहवालावर हाय त्याच्याशी बोलणार. तुम्ही घरनं बोलता. मागं स्टेशन. कुकर. ते तुमचे आबा. बरं दिसत न्हाई ओ. मी तुमच्या भल्याचंच बघतोय." वर आणखी म्हणाले, "कंपनीच्या मिठाला जागावं माणसानं."

मिठाचं मला सांगत होते! मला!

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "जाऊ दे गं. नोकरी हाय ना? गप ऱ्हा." मी त्याला म्हटलं, तुझ्या सिग्नलवर दुसऱ्यानं त्याच्या नावाची पाटी लावली तर तू काय करशील? तो म्हणाला, "सिग्नलवर नाव नसतंच." रेल्वेच्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. मी त्या रात्री जेवले, भांडी घासली, आणि मनात पक्कं केलं की अहवालावर माझं नाव येणार, आणि ते ह्याच माणसाच्या तोंडून सगळ्यांना ऐकवून येणार. कसं, ते माहीत नव्हतं. पण घाई नव्हती. मी ज्या गुहा बांधते त्यांना वर्षं लागतात.

साहेबांनीच रस्ता काढून दिला. क्लायंटला व्हिडिओ भयंकर आवडला होता. साहेबांनी त्यातला आवाज काढून टाकून पाठवला होता, सांगायला नकोच. क्लायंटकडच्या मोठ्या बाई हिवाळ्यात कारखाना बघायला येणार होत्या, त्यांना तो प्रयोग समोर बघायचा होता. साहेबांनी उन्हाळ्यातच तालीम सुरू केली. मला बोलावलं. "तुमचं ते सगळं सामान आणा. पण हे तेल नको, फोडणीचं. पिवळं दिसतं, चिवड्यासारखं. क्लायंटपुढं कसं क्लिअर पाहिजे." आणि त्यांनी टेबलावर खोबरेल तेलाची नवी कोरी बाटली ठेवली.

मे महिना होता. रांजणगावला रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटत होतं. खोबरेल काचेसारखं दिसलं, प्रयोग सुरेख झाला. साहेबांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. "बघितलं? याला म्हणतात प्रेझेंटेशन."

मी बाटलीकडं बघितलं, मग त्यांच्या डोक्याकडं बघितलं. आमच्या भागात थंडीच्या दिवसांत कुठल्याही घरात जा, सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात नाहीतर चुलीशेजारी ठेवलेली असते. शाळेत जायच्या आधी आई बाटलीत काडी घालून तेल खरवडून काढायची आणि माझ्या डोक्यावर थापायची. केस असलेल्या प्रत्येक माणसाला हे माहीत असतं. साहेबांच्या डोक्याचा आणि खोबरेलाचा संबंध सुटूनच किती वर्षं झाली असतील, देव जाणे.

"चालंल ना हे तेल?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणताय म्हणजे चालणारच, साहेब," मी म्हटलं. एवढ्या मनापासून मी त्यांना आधी कधी साहेब म्हटलं नव्हतं.

त्या बाई जानेवारीत आल्या. आदल्या आठवड्यापासून न्हावऱ्यात सकाळी तोंडातून वाफ निघत होती, आबा गायींवर पोती टाकत होते. मी त्या दिवशी नवी साडी नेसून गेले. साहेबांनी खोबरेलाची बाटली केबिनच्या खिडकीत ठेवली होती, तिथं सकाळचं ऊन थेट येतं, त्यामुळं तेल पातळच होतं. नशीबसुद्धा कधी कधी माझ्यासारखं असतं. मीटिंगच्या खोलीत मी टाकी लावली, दगड, नळ्या, स्टँडवर पाण्याची बाटली उंच. भोकात आधीच खारं पाणी भरलं. वर तेल. मी बोटभर ओतून थांबले तर साहेब म्हणाले, "ओता ओता, जरा जाड दिसू दे." ओतलं. बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड तेलाच्या पार कडेला आलं. मी ते बघितलं आणि बाटलीचं झाकण लावलं.

मग त्यांनी शेवटची सूचना दिली. "एसी सोळावर ठेवा. गोऱ्या लोकांना उकडतं. तुम्ही इथंच बसून लक्ष ठेवा. पाहुणे आले की मात्र बाहेर थांबा. चहापाण्याचं बघा."

"हो साहेब." एसी सोळावर ठेवला. मी सांगितलेलं ऐकणारी बाई आहे.

पाहुणे अकराला यायचे होते. वाघोलीला ट्रॅफिकमध्ये अडकले. साडेअकरा झाले, बारा झाले. नगर रोडचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. बंद खोलीत मी शाल गुंडाळून बसले होते, समोर टाकी. आधी तेलाच्या कडेला, काचेपाशी, नुसता धुरकट पट्टा दिसला. मग तो आत सरकायला लागला. एकदा वाटलं, उठावं, एसी बंद करावा, कपभर गरम पाणी आणावं. खरंच वाटलं. मग ते शेवटचं पान आठवलं, टायपिंगसाठी साहाय्य, आणि मी शाल आणखी घट्ट केली. बाराच्या पुढं कधीतरी सगळा थर पांढराफटक झाला. मी काचेवर नखानं टिचकी मारली. आत काही हललं नाही. देवाशपथ, देवळात जाऊनसुद्धा मला इतकं शांत वाटत नाही.

गाड्या आल्याचा आवाज आला, मी बाहेर गेले आणि काचेच्या दाराआड उभी राहिले.

क्लायंटच्या बाई उंच होत्या, केस पांढरे आणि बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. साहेब बोलायला लागले. साहेब बोलताना नेहमी माणसांकडं बघतात, वस्तूकडं नाही. त्यांनी पाठीमागं टाकीकडं हात केला आणि सांगितलं, वरती तेलाचा पारदर्शक थर बघा. बाईंनी बघितलं. साहेबांनीही मान वळवून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावीन. पण माणूस पक्का. लगेच म्हणाले, हा आमचा खास पांढरा थर आहे, नीट दिसावा म्हणून. आणि पाण्याची कळ उघडली.

पाणी आत जात होतं. बाहेर थेंब येत नव्हता. नळीचं तोंड खोबरेलात गच्च बुजलं होतं. साहेबांना वाटलं पाणी कमी पडतंय, त्यांनी कळ पूर्ण सोडली. वरच्या बाटलीतलं पाणी खाली दाबत राहिलं, दाबत राहिलं, आणि मग ते पांढरं बूच फट्कन उडालं. थेट साहेबांच्या टायवर बसलं, आणि मागोमाग खारं पाणी टेबलावर, लॅपटॉपवर, त्यांच्या पँटवर. ती पण नेमकी फिकट रंगाची.

दाराआड मी साडीचा पदर तोंडात कोंबला होता.

आत धावपळ झाली, टिश्यू आले, फडकी आली. साहेब घाईघाईनं म्हणाले की प्रयोग खरं तर उत्तम चालतो, तुम्हाला व्हिडिओच दाखवतो. लॅपटॉप भिजलेला, म्हणून मोबाइल मोठ्या स्क्रीनला जोडला. घाईत मी पाठवलेला मूळ व्हिडिओ लागला, आवाजासकट. आणि अख्ख्या खोलीत माझा आवाज घुमला, "आता तेल बोटभर ठेवलंय, पाणी खालून सोडते." मग, "दगड कुठं हाय? गाय नुसती गव्हाण चाटतीया!" मग दौंड यार्डाचा हॉर्न, असा की स्पीकर थरथरला.

साहेबांना आवाज बंद करायचं बटण सापडेना. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. विचारलं, हे कोण बोलतंय?  सगळ्या टीमच्या माना काचेच्या दाराकडं वळल्या. मी पदर नीट केला आणि आत गेले. म्हटलं, मी बोलतेय. आणि म्हातारा आवाज माझ्या वडलांचा, दगड त्यांच्या गायीचा आहे.

बाईंनी विचारलं, व्हिडिओत तेल पिवळं आहे, मग इथं का बदललं? मी साहेबांकडं बघितलं. ते टायवरचं खोबरेल पुसत होते, ते आणखी पसरत होतं. मी म्हटलं, "हे साहेब सांगतील." साहेबांनी आणखी एक टिश्यू ओढला. मग बाई मला मॉडेलचं विचारायला लागल्या, पाण्याचा वेग, छताचा आकार, गाळ किती साचतो. मी उत्तरं देत गेले. चहा गार झाला. मध्येच त्यांनी पिशवीतून अहवालाची छापील प्रत काढली, पहिलं पान बघितलं, शेवटचं पान बघितलं. मग चष्मा काढून साहेबांना म्हणाल्या, हिनं टायपिंग फार चांगलं केलंय.

त्यापुढं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, अहवाल दुरुस्त होऊन येईल, आणि पुढच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये, दोन्हीकडची सगळी माणसं असताना, साहेब स्वतः सांगतील की हे मॉडेल कुणाचं आहे. मीटिंग कधी घ्यायची ते मला विचारलं.

मी घरी विचारून सांगते म्हटलं. त्यांना वाटलं असेल, घरचं काही असेल. मी नवऱ्याला विचारलं, "दुपारी मालगाडीचं शंटिंग आपल्या खिडकीसमोर कधी चालतं रे?" त्यानं माझ्याकडं बघितलं, कपाळावर हात मारला आणि वेळ सांगितली. तीच वेळ मी कळवली.

मीटिंगच्या दिवशी मी दौंडच्या स्वयंपाकघरात टेबल खिडकीशी सरकवलं आणि दोन्ही दारं सताड उघडली. आबांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते टोपी घालून माझ्या मागं स्टुलावर बसले. नव्या मिठाच्या दगडाची पिशवी पायाशी. स्क्रीनवर चौकटीच चौकटी, आमची टीम, तिकडची माणसं, त्या पांढऱ्या केसांच्या बाई, आणि एका चौकटीत साहेब.

साहेबांनी घसा साफ केला. म्हणाले, मला एक दुरुस्ती करायची आहे, या मॉडेलचं संपूर्ण काम, आणि त्यांनी माझं नाव घेतलं, आणि इंजिनानं हॉर्न दिला. असा लांब, असा भरघोस हॉर्न मी तिथं राहायला आल्यापासून ऐकला नव्हता. नवरा शपथेवर सांगतो की त्यानं ड्रायव्हरला काही सांगितलं नव्हतं.

मी माइक चालूच ठेवला होता. म्हटलं, "साहेब, माझं स्टेशन आलं होतं. ऐकू आलं नाही. परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. आवाज जरा मोठा. डबे एकमेकांवर आदळले, धडाधड, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"परत, साहेब."

तिसऱ्यांदा ते ओरडले. कान लाल, डोकं लाल. आमच्या टीममधल्या सगळ्यांना, समुद्रापलीकडच्या सगळ्यांना माझं नाव लख्ख ऐकू आलं. त्या बाई हाताआड हसत होत्या. तिथं थांबता आलं असतं. दुसरी कुणी असती तर थांबली असती.

"ऐकू आलं," मी म्हटलं. "आता पुरं नाव सांगा. वडलांच्या नावासकट. अहवालावर तसंच लागणार आहे."

 साहेबांनी मान खाली घालून माझं नाव घेतलं, मग वडलांचं, मग आडनाव. या वेळी यार्डात एकदम सामसूम होती.

आबांना यातलं इंग्रजी काही कळत नव्हतं. पण आपलं नाव कळलं. शाळेत हजेरीला उभं राहावं तसे ते स्टुलावरून उठले, टोपी सरळ केली, आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाले, "व्हय, म्या हितंच हाय."